कर्नल मोरानचा नेम: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

प्रकल्प ठरला. आर्थर कॉनन डॉयलच्या 'द एम्प्टी हाउस' या १९०३ सालच्या शेरलॉक होम्सच्या कथेतला कर्नल सबॅस्टियन मोरान खरोखर किती मोठा नेमबाज होता, हे गणिताने तपासायचं. होम्सचे चाहते त्याच्याबद्दल आदराने बोलतात, पण तो आदर होम्सच्या शब्दावर उभा आहे. गोळी, हवा, अंतर आणि उजेड यांना काय म्हणायचं आहे ते पाहायचं.

मोरान निवडण्याचं कारण असं की कथेत मोजण्यासारखं भरपूर आहे. डॉयलने त्याचं अख्खं चरित्र दिलंय: जन्म १८४० लंडन, पहिली बेंगळुरू पायोनिअर्स ही (काल्पनिक) पलटण, अफगाण युद्धातल्या चारासियाब आणि शेरपूरच्या लढाया (या मात्र खऱ्या, १८७९ सालच्या), हिमालयातल्या शिकारीवर पुस्तक, आणि वाघांच्या शिकारीत हिंदुस्थानात त्याच्या तोडीचा कुणी नाही अशी ख्याती. कथा १८९४ सालच्या वसंतात घडते, म्हणजे हा माणूस तेव्हा चोपन्न वर्षांचा.

कथेत त्याचे दोन नेम आहेत. पहिला ३० मार्चच्या रात्री, पार्क लेनवरच्या घरात बसलेल्या रोनाल्ड अडेअरवर. तो आपल्याला दिसत नाही, फक्त प्रेत आणि गोळी दिसते. दुसरा काही दिवसांनी बेकर स्ट्रीटवर, रिकाम्या कॅम्डन हाउसमधून समोरच्या होम्सच्या खिडकीवर. खिडकीत होम्स नसतो, मोरानला चकवायला ठेवलेला त्याचा मेणाचा अर्धपुतळा असतो. हा दुसरा नेम होम्सचा मित्र वॉटसन अंधारात उभा राहून पाहतो आणि बारीकसारीक तपशील सांगतो. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

आज कथा पेन्सिल घेऊन वाचली. कामाचं जे हाती लागलं ते:

होम्स आणि वॉटसन कॅम्डन हाउसमध्ये मागच्या दाराने शिरतात, आतल्या लांब बोळातून पुढच्या दारावरच्या काचेपर्यंत येतात आणि तिथून उजवीकडे खोलीत वळतात. जिना चढत नाहीत. मोरान नंतर त्याच खोलीत येतो. म्हणजे मोरान तळमजल्यावरून गोळी झाडतो. होम्सची बैठकीची खोली सतरा पायऱ्या वर आहे, हे डॉयलने दुसऱ्या एका कथेत आधीच सांगून ठेवलेलं. पायरी १८ सेंटिमीटरची धरली तर ३.०६ मीटर. नेम वरच्या दिशेने आहे, आणि पुढे हेच सगळ्यात महत्त्वाचं ठरणार असं आत्ताच वाटतंय.

खिडकी अर्धा फूट उघडलेली, नळी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेली, माणूस खाली बसलेला. रात्र वादळी, रस्त्यावरून वारा घोंघावतोय. समोरच्या खिडकीचा पडदा ओढलेला, आत प्रखर दिवा, पडद्यावर काळी सावली. गोळी डोक्याच्या मागच्या भागात बरोबर मधोमध शिरते, आरपार जाते आणि भिंतीवर चपटी होते.

रस्त्यापलीकडच्या खिडकीपर्यंतचं अंतर मी २० मीटर धरून चालणार आहे. पुतळ्याच्या डोक्याचा मध्य जमिनीपासून १.२५ मीटर, नळीची उंची ०.८ मीटर. उंचीतला फरक साडेतीन मीटर, चढाचा कोन जेमतेम दहा अंश.

१७ जून, मंगळवार

आजचा दिवस बंदुकीचा. ही हवेची बंदूक आहे, फॉन हेर्डर नावाच्या अंध जर्मन कारागिराने बनवलेली, आणि ती रिव्हॉल्व्हरची मऊ गोळी झाडते. हवेची बंदूक म्हटली की आपल्याला जत्रेतले फुगे आठवतात, त्यामुळे बरेच वाचक इथेच कथेवरचा विश्वास सोडतात. तो सोडायचं कारण नाही. बार्तोलोमेओ जिरार्दोनी याने बनवलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यात १७८० पासून वापरात होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी. ती आटे फिरवून काढता यायची आणि शिपायाकडे भरलेल्या जादा टाक्या असायच्या. एक टाकी भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत आणि आत साधारण ५५ बार दाब साठे. अमेरिकेत १८०३ साली निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेनेही हवेची रायफल सोबत नेली होती.

आता मोरानच्या हालचाली पाहा. हातातली काठी खाली ठेवताना धातूसारखी वाजते, ती नळी. ओव्हरकोटच्या खिशातून तो एक बोजड वस्तू काढतो आणि खट्कन बसवतो. मग एका तरफेवर अंगाचा सगळा भार टाकतो, घरघर आवाज होतो, पुन्हा खटका. वॉटसनला बंदुकीचा दस्ता विचित्र, बेढब दिसतो.

माझं वाचन असं की खिशातली बोजड वस्तू म्हणजे आधीच भरून आणलेली हवेची टाकी, आणि ती बसवल्यामुळेच दस्ता बेढब. तरफ टाकीची झडप उघडणाऱ्या घोड्याची स्प्रिंग ताणते. दुसरी शक्यता अशी की सगळी ऊर्जा तरफेतूनच येते. ती आकड्यांत बसवून पाहिली. ८० किलोच्या माणसाने पूर्ण भार अर्धा मीटर खाली ढकलला तर ८० × ९.८ × ०.५, म्हणजे ३९२ ज्यूल. त्यातलं एक तृतीयांश गोळीला मिळालं असं उदारपणे धरलं तर १३० ज्यूल. वेब्लीच्या .४५५ रिव्हॉल्व्हरची २६५ ग्रेनची, म्हणजे १७.२ ग्रॅमची गोळी त्यावर सेकंदाला १२३ मीटर वेगाने निघेल. मारक आहे, पण होम्स तिला प्रचंड ताकदीची म्हणतो तशी नाही.

टाकीचा हिशेब जास्त जुळतो. ५५ बार दाब, ११.५६ मिलिमीटर व्यासाची नळी, गोळीवर सुमारे ५६५ न्यूटन बल. काठीएवढ्या नळीत ७० सेंटिमीटर ढकललं तर आदर्श स्थितीत जवळपास ४०० ज्यूल. दाब उतरतो, झडप उशिरा उघडते, घर्षण होतं. अर्ध्याहून थोडी जास्त ऊर्जा गोळीला मिळाली असं मानून २२० ज्यूल धरले. वेग येतो सेकंदाला १६० मीटर. खऱ्या .४५५ रिव्हॉल्व्हरमधून हीच गोळी सुमारे १८३ मीटर वेगाने निघायची. म्हणजे बंदुकीच्या दारूशिवाय फॉन हेर्डर रिव्हॉल्व्हरच्या अगदी जवळ पोहोचतो, आणि तेही एकोणिसाव्या शतकातल्या माहितीतल्या तंत्राने.

पुढच्या सगळ्या हिशेबात वेग १६० मीटर. आवाजाचा वेग साधारण ३४०. गोळी त्याच्या निम्म्यानेही जात नाही, म्हणून हवेत चाबकासारखा कडाका नाही. उरतो तो नळीतून सुटलेल्या हवेचा सूंऽ असा आवाज, आणि वॉटसनने ऐकलेला तोच.

२१ जून, शनिवार

गोळीचा प्रवास. नळीपासून पडद्यापर्यंत तिरपं अंतर २०.३ मीटर, वेळ ०.१२७ सेकंद. तेवढ्यात गोळी ७.९ सेंटिमीटर खाली येते. हवेच्या रोधाने वेग सेकंदाला जेमतेम तीन मीटरनी घटतो. चढाच्या कोनामुळे पडणारा फरक मिलिमीटरभर.

आठ सेंटिमीटर ऐकायला बरेच वाटतात, पण ते कायमचे आठ आहेत. बंदुकीची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा खुंट) एकदा त्या अंतरासाठी बसवली की विषय संपला. खरा प्रश्न एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत वेग किती बदलतो हा. टाकीतला दाब कमी-जास्त होऊन वेग पाच टक्क्यांनी हलला तरी गोळी फक्त ०.८ सेंटिमीटर वर-खाली लागते.

मग वारा. मला वाटत होतं की कथेतला खरा अडथळा इथे सापडेल. रस्त्याच्या लांबीने घोंघावणारा वारा रस्ता ओलांडणाऱ्या गोळीला नेमका आडवा लागतो, त्याचा पूर्ण जोर बाजूने येतो. पण आडवा वारा गोळीला किती सरकवतो हे गोळी हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. निर्वात पोकळीत लागला असता त्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, यावर ठरतं. इथे तो जादा वेळ ०.००११ सेकंद. सेकंदाला १० मीटर, म्हणजे तासाला ३६ किलोमीटरचा वारा धरला तर गोळी १.१ सेंटिमीटर सरकते. बस.

लांब पल्ल्याच्या नेमबाजांच्या गोष्टी वाचून आपण वाऱ्याला खलनायक समजायला लागलो आहोत. हजार मीटरवर तो आहेच. २० मीटरवर जड, संथ गोळीला तो जवळजवळ शिवत नाही.

आता निशाणाचा आकार. सावली डोक्यापेक्षा थोडी मोठी पडते (त्याचा हिशेब पुढे), रुंदी सुमारे २० सेंटिमीटर. २० मीटरवरून पाहताना ती डोळ्याशी १० मिलिरेडियनचा कोन करते. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या निशाणाचा संपूर्ण काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा असतो: २.२५ मिलिरेडियन. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. तेच वर्तुळ मोरानच्या अंतरावर आणलं तर चार मिलिमीटरचा ठिपका होईल. तीन स्थितींपैकी एकीत स्वप्नील उभ्याने, कशालाही न टेकता, त्यावर नेम धरतो. मोरान बसलेला आहे, नळी टेकवलेली आहे आणि समोर स्वप्नीलच्या काळ्या गोलाच्या चौपटीहून रुंद दिसणारं काळं डोकं आहे.

हातांच्या बाजूने पाहिलं तर बेकर स्ट्रीटचा नेम अवघड नाही. निदान वाघाच्या शिकाऱ्याला तरी नाही. मचाणावर बसून, खाली बांधलेल्या करडाकडे येणाऱ्या वाघावर याच अंतरांवरून गोळी घालण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. होम्सनेही पकडल्यावर त्याला याच शिकारीची आठवण करून दिली आहे.

२२ जून, रविवार

एक गोष्ट मात्र सोपी नव्हती, आणि ती डोळ्यांची आहे.

निशाण काळं, मागचा उजळलेला पडदा पिवळा. बंदुकीची माशीही उजेडाच्या विरुद्ध बाजूने पाहताना काळीच दिसणार. काळी माशी काळ्या डोक्यावर नेली की ती दिसेनाशी होते. रेंजवर यासाठी नेमबाज काळ्या गोलाच्या खालच्या कडेला माशी टेकवून धरतात, म्हणजे माशीचं टोक पांढऱ्यावर स्पष्ट राहतं. मोरानला ती सोय नाही, कारण डोक्याखाली मान आणि मानेखाली ड्रेसिंग गाऊनचे खांदे. सगळं काळंच.

त्याच्यापुढे रस्ता एकच उरतो: डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा उजेड सारखा ठेवून मध्य साधायचा, आणि उंची माथ्याच्या कडेवरून उतरवत आणायची. म्हणजे आडवा नेम फार अचूक, उभा नेम थोडा सैल. वॉटसन सांगतो की मोरान क्षणभर दगडासारखा स्थिर झाला. तो क्षण याच कामाचा असणार. आणि गोळी आडव्या अंगाने बरोबर मधोमध लागली, हे त्याच्याशी जुळतं.

२८ जून, शनिवार

सावलीचं काम. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त रस इथे आहे, कारण याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मोरानला डोकं दिसतच नाही. त्याला दिसते पडद्यावरची सावली, आणि सावली डोक्याच्या जागी नसते. तिची जागा दिवा ठरवतो.

धरलेली मापं: पडद्यापासून डोकं ०.६ मीटर आत, दिवा २.५ मीटर आत. सावली २.५ ÷ १.९, म्हणजे १.३ पट मोठी. १५ सेंटिमीटरचं डोकं पडद्यावर २० सेंटिमीटर दिसतं.

गोळी वर चढत येते आहे, दर मीटरला १७ सेंटिमीटर. पडदा भेदून डोक्यापर्यंत ०.६ मीटर जाताना ती आणखी १० सेंटिमीटर वर जाते. दिवा डोक्याच्याच उंचीवर असेल तर सावलीचा मध्य आणि डोक्याचा मध्य एकाच पातळीवर येतात, आणि सावलीच्या मध्यावर मारलेली गोळी डोक्याच्या मध्याच्या १० सेंटिमीटर वरून जाते. मध्यापासून माथा साधारण साडेअकरा. म्हणजे टाळू खरवडून जाईल. दिवा टेबलावर, डोक्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली असेल तर सावली आणखी साडेनऊ सेंटिमीटर वर चढते आणि गोळी पुतळ्याच्या डोक्यावरून सरळ निघून जाते.

अचूक नेम धरूनही चुकलेली गोळी! मोरानच्या हातात काही फरक नाही, फरक फक्त खोलीतल्या दिव्याच्या उंचीत.

गोळी मधोमध लागायला बंदूक, सावलीचा मध्य, डोक्याचा मध्य आणि दिवा एका रेषेत हवेत. तसा दिवा डोक्यापेक्षा ३२ सेंटिमीटर उंच, जमिनीपासून १.५७ मीटरवर येतो. फायरप्लेसच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या दिव्याची ज्योत साधारण याच उंचीला असते. म्हणजे होम्सच्या खोलीत हे सहज शक्य आहे.

संध्याकाळी हे डोळ्यांनी पाहिलं. आमची खिडकी ए विंगला पहिल्या मजल्यावर, समोर बी विंगचं पार्किंग. अंतर फितीने मोजलं, वीसला थोडं कमी. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवलं होतं. बहिणीची मुलगी जुई बारावीला आहे, ती मदतीला. खिडकीत मांजरपाटाचा पडदा, आत स्टुलावर केशकर्तनालयात शिकाऊ मुलं वापरतात तसलं प्लास्टिकचं डोकं, त्याखाली माझी शाल. आधी नेहमीचा एलईडी बल्ब लावला तर सावलीच्या कडा विरघळल्या. बल्ब काढून मोबाइलचा टॉर्च लावला तशी ती कापून काढल्यासारखी काळी उभी राहिली.

हे लगेच आकड्यात बसवलं. कडेचा धूसरपणा म्हणजे दिव्याचा आकार गुणिले ०.६ भागिले १.९. २० सेंटिमीटरचा काचगोळा असेल तर कड सहा सेंटिमीटर पसरते. चार सेंटिमीटरची उघडी ज्योत असेल तर सव्वा सेंटिमीटर. वॉटसन म्हणतो सावली ठळक, काळी, रेखीव होती. म्हणून होम्सच्या दिव्यावर गोळा नव्हता. उघडी ज्योत, फार तर अरुंद काच.

२९ जून, रविवार

पार्किंगमध्ये कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर कमी शक्तीचा लेझर पॉइंटर बांधला. तोच आमची बंदूक. खोलीत कुणी रेषेत येणार नाही याची खात्री करूनच तो चालू करायचा, हा नियम. पद्धत अशी: लेझरचा ठिपका सावलीच्या मध्यावर आणायचा, तिकाटणं घट्ट करायचं, मग जुईने बाजूला उभं राहून पडदा वर घ्यायचा. ठिपका मग डोक्यावर जिथे पडेल तिथे खडूची खूण.

टॉर्च डोक्याच्या पातळीला असताना ठिपका माथ्याच्या कडेला पडला. टॉर्च खाली उतरवला तर तो डोकं सोडून मागच्या कपाटावर. टॉर्च उंच, हिशेबातल्या जागी टांगला तेव्हा ठिपका डोक्याच्या मागच्या भागात बरोबर मध्ये. कागदावरचं गणित समोर लाल ठिपका होऊन उभं राहिलं याचा आनंद वेगळाच.

मग जुईने डोकं उचलून बाजूला ठेवलं, आणि ठिपका थेट टॉर्चवर पडला. ती म्हणाली, "मामा, मग त्या कथेतला दिवा फुटायला हवा ना?"

बरोबर आहे तिचं. चारही गोष्टी एका रेषेत असतील तर डोक्यातून आरपार गेलेली गोळी दिव्यातच जाते. पण कथेत गोळी भिंतीवर चपटी होते. दिवा फुटल्याचा, विझल्याचा शब्द नाही, आणि मोरानला पकडल्यावर होम्स आणि वॉटसन त्या खोलीत येतात तेव्हा उजेड आहे.

तेव्हा दिवा रेषेच्या थोडा बाजूला असला पाहिजे. किती? वर किंवा खाली सरकवून फारसं साधत नाही: ज्योतीच्या वर काच, खाली तेलाचं भांडं. आडवा सरकवायला हवा. आठ सेंटिमीटर डावीकडे सरकवला तर सावली अडीच सेंटिमीटर उजवीकडे जाते. सावलीच्या मध्यावर मारलेली गोळी डोक्याच्या मध्यापासून २.६ सेंटिमीटर उजवीकडे लागते आणि दिव्याजवळून जाताना ज्योतीपासून जवळपास ११ सेंटिमीटर दूर असते. अरुंद काचेचा दिवा सहज वाचतो. आणि १५ सेंटिमीटरच्या डोक्यावर अडीच सेंटिमीटर म्हणजे पाहणाऱ्याला मधोमधच. गोळा लावलेला दिवा असता तर त्याच्या काचेला गोळी एका सेंटिमीटरवरून गेली असती.

हा दिवा उघडा होता हे आम्ही काल सावलीच्या कडेवरून काढलं होतं. आज न फुटलेल्या दिव्यावरूनही तेच निघालं. दोन वेगळ्या वाटांनी एकाच दिव्याशी येऊन पोहोचलो. जुईने टॉर्च आठ सेंटिमीटर सरकवून पाहिला. ठिपका डोक्यात, आणि डोकं काढल्यावर टॉर्चच्या बाजूने मागच्या भिंतीवर.

दिवा होम्सने मांडला होता. रस्त्याच्या बाजूने नेम धरला जाणार हे त्याला माहीत होतं. मोरानच्या या प्रसिद्ध नेमाचं निम्मं श्रेय मी दिवा ठेवणाऱ्याला देतो.

होम्सची घरमालकीण मिसेस हडसन हिचंही काम यात आहे. ती दर पाव तासाने पुतळा फिरवायची, आणि गुडघ्यांवर रांगत जायची. या मांडणीत दिवा उंच, ती खाली. तिची सावली खिडकीच्या कट्ट्याखाली पडते, पडद्यावर येतच नाही. ती उभी राहिली असती तर मोरानला दोन सावल्या दिसल्या असत्या.

३ जुलै, गुरुवार

गोळीच्या चपटं होण्याबद्दल थोडक्यात. गोळी जिथे आदळते तिथला दाब साधारण अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग. विटेच्या भिंतीवर मऊ शिशाची गोळी १२० मीटर वेगानेही आदळली तरी शिशाच्या बाजूने सुमारे ८० मेगापास्कल. मऊ शिसं १२ ते १७ मेगापास्कलला हार मानतं. चपटी होणारच.

अडेअरच्या डोक्यातली गोळी मात्र विचार करायला लावते. ती छत्रीसारखी उमललेली होती. १६० मीटर वेगाने मऊ ऊतीत शिरताना दाब जेमतेम १३ मेगापास्कल, म्हणजे शिशाच्या ताकदीच्या उंबरठ्यावर. एवढ्या संथ वेगात नुसत्या मांसात गोळी उमलायची नाही. कवटीचं हाड मध्ये आलं तर उमलेल. अडेअरला गोळी डोक्यातच लागली आहे, तेव्हा हे बसतं.

उमलणाऱ्या गोळ्यांचा आपल्याशीही संबंध आहे. कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात १८९० च्या दशकात रायफलच्या अशा गोळ्या बनल्या, त्यांना नावच दमदम पडलं, आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात त्यांच्यावर बंदी आली. डॉयलने कथा लिहिली तेव्हा हा वाद ताजा होता.

६ जुलै, रविवार

आषाढी. घरी सगळे पंढरपूरचं प्रक्षेपण पाहत होते, मी कोपऱ्यात वही घेऊन पार्क लेनवर.

या नेमाबद्दल कथेत जे आहे ते असं. अडेअर रात्री दहाला परतला, दुसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत गेला. शेकोटी धुरकटत होती म्हणून मोलकरणीने खिडकी उघडली होती. दार आतून बंद. खिडकीपासून जमीन निदान वीस फूट खाली, तिथे फुललेल्या क्रोकसचा वाफा, एकही फूल दुमडलेलं नाही. शंभर यार्डांच्या आत घोडागाड्यांचा तळ, आणि कुणी आवाज ऐकला नाही. अकरा वीसला दार फोडलं तेव्हा तो मेलेला.

खालून वरच्या खोलीत गोळी घालताना खिडकीचा कट्टा आड येतो. जवळ उभं राहिलं तर खोलीचं छत दिसतं, माणूस नाही. किती लांब जावं लागेल?

कट्टा जमिनीपासून ६.१ मीटर, नळी १.५ मीटरवर. टेबलाशी बसलेल्या माणसाचं डोकं खोलीच्या जमिनीपासून १.२ मीटर, कट्टा ०.७५. म्हणजे डोकं कट्ट्याच्या ४५ सेंटिमीटर वर. अडेअर खिडकीपासून २ मीटर आत असेल तर मोरानला घरापासून किमान २०.४ मीटर मागे जावं लागतं. अडीच मीटर आत असेल तर २५.६. तीन मीटर आत असेल तर जवळपास ३१. तो आत दर अर्धा मीटर सरकला की खालच्या माणसाला पाच मीटर मागे हटावं लागतं.

वीस फूट हा किमान आकडा आहे. कट्टा त्याहून उंच असेल तर अंतर आणखी वाढतं. घराच्या पुढच्या पाच फुटी कठड्याशी उभं राहून हे साधणार नाही. मोरान रस्त्याच्या पलीकडे, हाइड पार्कच्या बाजूला होता.

१२ जुलै, शनिवार

पार्क लेनच्या पश्चिमेला हाइड पार्कचे लोखंडी गज. याच गजांना १८६६ साली मताधिकाराच्या मागणीसाठी आलेल्या जमावाने उपटून टाकलं होतं. मोरानच्या काळी कुंपण होतंच, आणि नळी टेकवायला तेवढा आधार पुरतो.

रात्र अंधारी होती. ६ एप्रिल १८९४ ला सूर्यग्रहण झालं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. ३० मार्च त्याच्या आठवडाभर आधी; अर्धा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. दहा-अकराला आकाशात चंद्र नाही, मार्चअखेर झाडांना पानं नाहीत, आणि वरच्या खोलीत दिवा आहे. शिकाऱ्याने निवडावी अशी वेळ.

घरापासून २३ मीटर, अडेअर २ मीटर आत असं धरून गोळीची रेषा आखली. तिरपं अंतर २५.५ मीटर, वेळ ०.१६ सेकंद, घसरण साडेबारा सेंटिमीटर. रेषा कट्ट्याच्या ४.६ सेंटिमीटर वरून जाते. बंदूक २० मीटरसाठी बसवलेली असेल तर गोळी २.७ सेंटिमीटर खाली लागेल, आणि तेवढी चूकही आता कट्ट्याच्या अंगाला येते. खालून मोरानला अडेअरचं पूर्ण डोकं दिसत नाही, हनुवटी कट्ट्याआड. बेकर स्ट्रीटला वरचे-खालचे दहा सेंटिमीटर माफ होते. इथे खालची बाजू लाकडाने बंद केलेली.

शिवाय इथे मेणाचा पुतळा नाही. अडेअर टेबलावर पैशांच्या चळती मांडून नावं आणि आकडे लिहीत होता. लिहिणारा माणूस वाकतो, कागदाकडे झुकतो, मागे टेकतो. खिडकीच्या कट्ट्यावर त्याचं डोकं येतं आणि जातं. चाप ओढल्यापासून घोडा पडून झडप उघडेपर्यंतचा वेळ आणि त्यावर ०.१६ सेकंद, तेवढ्यात पुढे झुकणारं डोकं दहा सेंटिमीटर सहज सरकतं. म्हणून त्याला हालचालीवर नेम धरून चालत नाही. तो मागे टेकून थांबेल त्या क्षणाची वाट पाहायची, तीही हातात विचित्र बंदूक घेऊन, वर्दळीच्या रस्त्यावर, शंभर यार्डांवर गाडीवाले उभे असताना. तरफेची घरघर तिथे करणं शक्य नाही. बंदूक आधीच ताणून, भरून, काठीसारखी अंगाशी धरून आणलेली असणार. दुसरी गोळी भरायला वेळ नाही.

माझ्या तक्त्यात दोन्ही नेम शेजारी-शेजारी मांडले आहेत. अंतर, वारा, वेग यांच्या रकान्यांत फारसा फरक नाही. कट्टा, जिवंत माणूस आणि उघडा रस्ता या तीन रकान्यांत सगळा फरक आहे. मोरानला मोठा नेमबाज म्हणायचं तर ते पार्क लेनसाठी, जो नेम डॉयलने आपल्याला दाखवलाच नाही.

जुईला अडेअरच्या खोलीची मांडणी करून पाहायची आहे. बी विंगचा दुसरा मजला रिकामा आहे, मालकांना विचारून ठेवलंय.